आप्पांचा व्हॉल्व्हचा रेडिओ: आतलं काढून ब्लूटूथ बसवावं का?

कृष्णाकाठ:
कराडचं घर आम्ही भावंडं मिळून आवरतोय. भांडी, फडताळ, लोखंडी कॉट, पाट, सगळ्याची वाटणी शब्दाने शब्द न वाढता झाली. अडलं ते आप्पांच्या रेडिओपाशी.

मर्फीचा आहे, लाकडी पेटीचा, व्हॉल्व्हचा, म्हणजे आत बल्बसारख्या काचेच्या नळ्या असलेला. १९६४ साली आप्पांनी तो पुण्याहून एसटीत मांडीवर घेऊन आणला. बटण फिरवलं की लगेच काही ऐकू यायचं नाही. आधी काचेमागचा दिवा लागायचा, मग आत काहीतरी तापल्याचा वास यायचा, मग स्टेशन नीट लागलंय का ते दाखवणारा कोपऱ्यातला हिरवा डोळा उघडायचा आणि मग कुठे आवाज. भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तांब्याच्या जाळीची एरियल. काचेवर गावांची नावं आहेत, पण त्यात सांगली नाही, कारण सांगलीचं केंद्र तेव्हा नुकतंच, १९६३ साली, सुरू झालं होतं. आप्पांनी त्या जागी लाल ऑइलपेंटचा ठिपका दिला होता. तो अजून आहे. तेव्हा रेडिओलाही लायसन्स लागायचं; पोस्टात फी भरून शिक्के मारून घ्यायचं ते पुस्तकही फडताळात सापडलं.

कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे, ११ डिसेंबर १९६७ ला, वीज गेली आणि हा रेडिओ मुका झाला. शेजारच्यांनी बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर अंगणात आणून ठेवला आणि सगळी आळी घोंगड्या पांघरून त्याच्याभोवती बसली, असं आई सांगते. नंतर आप्पांनीही ट्रान्झिस्टर घेतला. पण हा जागचा हलवला नाही.

आता मूळ प्रश्न. भाचा एकोणीस वर्षांचा, पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. त्याला रेडिओ फार आवडलाय. त्याचं म्हणणं, आतलं सगळं काढू, पेटीला पॉलिश करू, आत ब्लूटूथचा स्पीकर बसवू, म्हणजे रोज वाजेल तरी. दादाचं म्हणणं, हात लावायचा नाही, आप्पांची वस्तू आहे तशी राहील. परवा दोघांचं एवढं वाजलं की भाचा न जेवता पुण्याला गेला. आईला विचारलं तर "तुमचं तुम्ही बघा" म्हणाली आणि आत निघून गेली.

माझं मन दादाकडे झुकतं. घरात पाच माणसं बसलेली असतात आणि पाचांच्या कानांत पाच वेगळे आवाज. या एका पेटीने कधीकाळी सगळ्यांना एका खोलीत बसवलं होतं. तिचं पोट रिकामं करायला हात धजत नाही. तुमच्याकडे असं काही झालंय का?

घाटमाथा:
दादा बरोबर आहेत. काढू नका.

आमच्याकडे बुधवारची रात्र म्हणजे रेडिओ सिलोन, श्रीलंकेचं केंद्र. आठ वाजता सिनेगीतांची गीतमाला लागायची आणि अमीन सयानींचा आवाज आला की वडीलसुद्धा हिशेबाची वही मिटायचे. बाकी दिवशी आकाशवाणीची कामगार सभा, फर्माइशी गाण्यांची आपली आवड, आणि टेकाडे भावजी या पात्रासाठी पुन्हा प्रपंच ही श्रुतिका. बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं वर्णन असलं की आळीतली मुलं खिडकीच्या गजांना लटकायची, कारण आत जागा नसायची. क्रिकेटचं मैदान मी प्रत्यक्ष पाहिलं ते फार उशिरा, पण मला ते आधीपासून ओळखीचं होतं.

आजच्या मुलांना वाट बघणं माहीत नाही. हवं ते हवं तेव्हा मिळतं. आठवडाभर थांबून ऐकलेल्या गाण्याची गोडी त्यांना कशी कळणार?

इंदिरानगर_नाशिक:
मी वीस वर्षांची आहे आणि मला भाच्याच्या बाजूने बोलायचंय.

तो रेडिओ कचऱ्यात टाका म्हणाला नाही. भंगारात द्या म्हणाला नाही. रोज वाजावा म्हणाला. माझ्या आजोबांचा हार्मोनियम आमच्याकडे "आहे तसा" ठेवला होता. बारा वर्षं कपाटावर होता. काढला तेव्हा भात्याला कसर लागलेली आणि पट्ट्या फुगलेल्या. कोणी हात लावला नाही म्हणून तो गेला.

दुसरं. आम्हाला वाट बघणं माहीत नाही असं वर लिहिलंय. माझी दहावी २०२०-२१ ची. वर्षभर मी चार बाय सहाच्या बाल्कनीत बसून सहा इंची पडद्यावर बीजगणित शिकले, रेंज यायची वाट बघत. शेवटी बोर्डाची परीक्षाच रद्द झाली. तेव्हा घरातली सगळी मोठी माणसं सांगत होती, मोबाईल सोडू नको, तास बुडेल. शाळा उघडल्यावर तीच माणसं म्हणायला लागली, सोड तो मोबाईल. आमच्या हातात तो कोणी दिला आणि का दिला, हे इतक्या लवकर विसरू नका. मला ते लागतं.

आणि आम्ही एकत्र ऐकत नाही हेही खरं नाही. मी, बेंगळुरूची मावसबहीण आणि अकोल्याची मैत्रीण रविवारी रात्री फोन लावून एकच भाग एकाच वेळी ऐकतो, मध्ये थांबवून भांडतो, परत लावतो. आमची खोली एक नसते, एवढंच.

मध्यमलहर:
नाशिकच्या मुलीने चांगलं लिहिलंय. त्यात एक जुनी गोष्ट जोडतो, कारण ती आपण सोयीने विसरतो.

१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. आपलेच, मराठी. त्यांचं ठाम मत होतं की सिनेमाच्या गाण्यांनी तरुणांची अभिरुची बिघडते. आकाशवाणीवरची सिनेगीतं त्यांनी जवळजवळ बंद पाडली आणि शास्त्रीय संगीताचे तास वाढवले. शास्त्रीय संगीताचं त्यातून भलं झालं, ते मी नाकारत नाही. पण तरुणांनी काय केलं? काटा फिरवला आणि सिलोन लावलं. घाटमाथा यांना जी बुधवारची रात्र आठवते, ती १९५२ च्या डिसेंबरात सुरू झाली ती अशी. शेवटी सरकारलाच ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली.

म्हणजे ज्या गाण्यांना आज आपण "सोज्वळ जुनी गाणी" म्हणतो, ती त्या वेळच्या वडीलधाऱ्यांच्या लेखी पोरं बिघडवणारी होती. माझे आजोबा सिलोन लागलं की उठून अंगणात जायचे. मी मुलीच्या फोनवरची गाणी लागली की उठून गॅलरीत जातो. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी परत येऊन बसलो. सगळं आवडत नाही. पण बसतो.

फळा_खडू:
मी सांगली जिल्ह्यात शिक्षक आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावचं तुम्ही वाचलं असेल. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो. टीव्ही बंद, मोबाईल बंद. साडेआठला दुसरा भोंगा, मग ज्याला हवं त्याने लावावं. मधल्या दीड तासात मुलांचा अभ्यास, मोठ्यांचं वाचन नाहीतर नुसत्या गप्पा. सुरुवातीला लोकांना पटेना, तेव्हा आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर फिरून सांगत होते.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात बान्सी गावाच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला.

हेतू दोन्हींचा चांगला. पण मला वडगावची रीत जास्त पटते, आणि कारण एकच आहे: तिथे बापाचाही फोन बंद होतो. मालिका बघणाऱ्या आजीचाही टीव्ही बंद होतो. माझ्या वर्गातली मुलं मला सांगतात, "सर, पप्पा जेवताना पण रील बघतात आणि मला म्हणतात अभ्यास कर." या मुलांपुढे मी कुठल्या तोंडाने एकट्या त्यांच्यावर बंदी घालू?

शिवारवाट:
फळा_खडू यांचा प्रतिसाद वाचून वडिलांची आठवण झाली. मी शेतकी खात्यातून निवृत्त झालो.

१९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला होता. त्या वेळच्या मुंबई राज्यातले पाच जिल्हे (पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा, कोल्हापूर) आणि त्यातली १५० गावं. प्रत्येक गावात एक श्रोतृगट. आठवड्यातून दोनदा शेती आणि गावच्या प्रश्नांवरचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम सगळ्यांनी मिळून ऐकायचा, आणि रेडिओ बंद झाला की खरं काम सुरू: ऐकलेल्यावर चर्चा. गटाचा चिटणीस चर्चेत निघालेले प्रश्न लिहून पुण्याला धाडायचा आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात यायची. असे दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले.

वडील आमच्या गावच्या गटात होते. ते सांगायचे, रेडिओने काय सांगितलं ते बहुतेक विसरलो, पण चावडीवर ज्याच्याशी कधी बोललो नव्हतो त्याच्याशेजारी बसून त्याचं म्हणणं ऐकावं लागलं, ते विसरलो नाही. त्या गटात माझ्या आजीला मात्र जागा नव्हती. ती भिंतीआड उभी राहून ऐकायची. जात्याचे पाळू कसे बसवावेत यावर तिला काही सांगायचं होतं, ते पुण्याला कधी पोचलंच नाही.

रानजाई:
शिवारवाट, तुमच्या आजीसाठी मी आज पहिल्यांदा या धाग्यावर लिहिते आहे. नुसती वाचणार होते.

माझं वय अडुसष्ट. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांच्या उशाशी रेडिओ होता, असाच मोठा, क्रोशाच्या रुमालाखाली. त्याचं बटण मी एकोणीस वर्षांत एकदाही फिरवलं नाही. "फिरवू नकोस" असं कोणी म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती. बातम्या लागायच्या, शेतीचं लागायचं, कीर्तन लागायचं. दुपारी वनिता मंडळ असायचं, ते माझ्यासारखीसाठीच होतं, पण ती त्यांची झोपायची वेळ. मी ते शेजारणीच्या खिडकीखाली धुणं वाळत घालता घालता ऐकलं. एक पिळा वाळत घालायला मी अर्धा तास लावायची.

सगळे वर लिहितात, आम्ही एकत्र ऐकायचो. एकत्र ऐकायचो म्हणजे एकाने लावलेलं बाकीच्यांनी ऐकायचं. त्यातही सुख होतं, मी नाही म्हणत नाही. सांजवेळी तो आवाज घरात भरून असायचा, चुलीशी मला सोबत वाटायची. पण माझ्या आवडीचं काय आहे हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

एकसष्टाव्या वर्षी मुलाने त्याचा जुना मोबाईल दिला आणि नातीने कानात घालायच्या त्या वायरी दिल्या. पहिल्या रात्री नाट्यगीतं लावली. मग एक बाई इतिहासावर बोलतात, त्या सापडल्या. मग कोकणी शिकवणारं काही. रात्री दीडपर्यंत जागी होते. शेजारी हे झोपलेले, आणि माझ्या कानात माझं मी निवडलेलं. त्या रात्री मी रडले. कोणाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते.

"पाचांच्या कानांत पाच आवाज" हे वाचून तुम्हाला एकटेपणा दिसतो, कृष्णाकाठ. मला त्यात एक बाई दिसते जिला पहिल्यांदा कोणी विचारलं, तुला काय ऐकायचंय.

तुमच्या आईला परत एकदा विचारा. "रेडिओचं काय करू" असं नका विचारू.

इंदिरानगर_नाशिक:
रानजाई, मी आत्ता आजीला फोन करून हे वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग तिच्या माहेरच्या रेडिओबद्दल बोलायला लागली. तिच्या माहेरी रेडिओ होता हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं.

पंच्याहत्तरी_पार:
लहानसा अनुभव. मला आठ वर्षांपासून कमी ऐकू येतं. चारचौघांत रेडिओ किंवा टीव्ही लावला की मला नुसता गलका ऐकू यायचा, आणि मी आवाज वाढवला की सून डोकं धरायची. आता श्रवणयंत्र फोनला जोडलं आहे. आवाज थेट कानात. घरात शांतता आणि मला भीमण्णांची (भीमसेन जोशींची) तान स्वच्छ ऐकू येते. मला जुने दिवस परत नकोत. मला त्या दिवसांतलं गाणं हवं होतं, ते या नव्या यंत्राने दिलं.

सोल्डर_आणि_रोझिन:
चर्चा मोलाची आहे, पण आधी जिवाचं बोलू. कृष्णाकाठ, तो रेडिओ प्लगमध्ये घालून बघितलाय का? नसेल तर घालू नका, आणि भाच्याला मागचं पुठ्ठ्याचं झाकण उघडून आत बोट घालू देऊ नका. आत अडीचशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि वायर काढल्यावरही कपॅसिटर काही काळ तो धरून ठेवतो.

मी ठाण्यात वाढलो. मर्फीचा कारखाना आमच्या गावात होता, शेजारपाजारची माणसं तिथे कामाला. व्हॉल्व्हचे संच मी गेली तीस वर्षं दुरुस्त करतो. वर्षानुवर्षं बंद असलेल्या संचात फिल्टरचे कपॅसिटर आतून सुकलेले असतात. थेट वीज दिली तर ते फुटतात किंवा ट्रान्सफॉर्मर जाळतात, आणि ट्रान्सफॉर्मर गेला की मग खरंच पेटीच उरते. आधी कपॅसिटर बदलायचे, मग साठ वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावून हळूहळू वीज द्यायची. बल्ब भक्क पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. लागून मंद झाला तर पुढे जा. व्हॉल्व्ह अजून मिळतात, जुन्या बाजारात आणि आमच्यासारख्यांच्या डब्यांत. हिरवा डोळा मात्र पूर्वीसारखा उजळणार नाही. त्याचा लेप वापराने झिजतो.

आता मुख्य गोष्ट. पेटी उलटी फिरवा आणि मागच्या बाजूला दोन भोकांची खाच बघा. तिथे पीयू (पिकअप) लिहिलेलं असेल किंवा ग्रामोफोनच्या तबकडीचं चित्र असेल. ती जागा रेकॉर्ड प्लेअर जोडण्यासाठी होती. तिथून आत दिलेला आवाज रेडिओच्या त्याच व्हॉल्व्हमधून, त्याच स्पीकरमधून बाहेर येतो. फोनच्या डाव्या-उजव्या वायरी दोन रेझिस्टन्समधून एकत्र करून, एक कपॅसिटर घालून तिथे जोडता येतात. ब्लूटूथची पंचवीस ग्रॅमची पट्टी पेटीबाहेर राहते. आतला एक टाकाही कापावा लागत नाही.

एक अट: संचात मेन्सचा ट्रान्सफॉर्मर असला पाहिजे. एसी-डीसी प्रकारचा संच असेल तर त्याच्या आतल्या पत्र्याच्या सांगाड्यातच करंट असू शकतो, त्याला फोन मुळीच जोडायचा नाही.

घाटमाथा:
पण मग त्याला रेडिओ तरी का म्हणायचं? फोनचाच आवाज तो.

सोल्डर_आणि_रोझिन:
घाटमाथा, तुमचं दुखणं मला कळतं. पण या संचात एफएम नाही, फक्त मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह. आकाशवाणीने गेल्या काही वर्षांत मीडियम वेव्हची बरीच प्रक्षेपण केंद्रं बंद केली आहेत. उद्या काटा फिरवला आणि नुसती खरखर आली, तर या पेटीने काय करायचं? आप्पांच्या वेळी ती ग्रामोफोनचा आवाज देत होती तेव्हाही आपण तिला रेडिओच म्हणत होतो ना.

सातासमुद्रापलीकडून:
न्यू जर्सीहून. इथे आमच्या स्वयंपाकघरात रोज संध्याकाळी आकाशवाणी लागते, न्यूजऑनएअरच्या ॲपवर. भारतात तेव्हा पहाट. सुरुवातीची ती व्हायोलिनची धून (वॉल्टर कॉफमन या चेक संगीतकाराने मुंबईत असताना बांधलेली) पोळ्या लाटता लाटता ऐकते आणि मला वाटतं माझा दिवस संपताना सुरू होतोय. ज्या फोनला सगळे बोल लावतात, त्याच फोनमुळे माझ्या मुलींना प्रादेशिक बातम्यांचं मराठी ऐकून ठाऊक आहे.

कृष्णाकाठ:
उशिरा लिहिते आहे, क्षमा करा. मध्ये बरंच झालं.

रानजाई यांचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. मग आईजवळ बसले आणि विचारलं, तू या रेडिओवर काय ऐकायचीस? ती म्हणाली, "लावलेलं ऐकायची." मग विचारलं, तुला काय ऐकायचं होतं? बराच वेळ गेला. मग म्हणाली, आपली आवडला एक कार्ड टाकलं होतं. लपून, धाकट्या दिराच्या हाती. गाणं लागलं की नाही ते तिला कळलंच नाही, कारण त्या दिवशी पाहुणे होते आणि आप्पांनी बातम्या लावल्या होत्या. छपन्न वर्षांत हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. आप्पांवर तिचा राग नाही, आमचाही नाही. ते प्रेमळ होते. त्यांच्या हे कधी ध्यानातच आलं नाही, आणि आमच्याही नाही.

मागे खाच आहे! तबकडीचं चित्रही आहे. इतकंच नाही, त्यात आप्पांनीच खोचलेली एक वायर आहे, कापडी वेष्टणाची, टोकाला गाठ मारून ठेवलेली. दादाने ती हातात घेतली आणि ओळखली. १९७१ मध्ये मामाचा रेकॉर्ड प्लेअर आठ दिवसांसाठी आणला होता, तेव्हाची. दादानेच भाच्याला फोन लावला.

संच सातारच्या एका कारागिराकडे नेला. ट्रान्सफॉर्मर आहे, शाबूत आहे. सहा कपॅसिटर आणि एक व्हॉल्व्ह बदलला. जोडणी भाच्याने कारागिराशेजारी बसून स्वतः केली.

शनिवारी रात्री लावला. डोळा अगदी फिकट, पण उघडला. आधी काटा लाल ठिपक्यावर नेला, खरखर. मग पुढे सरकवला तर एक बाई कानडीत बोलताना ऐकू आल्या, धारवाड असावं. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग भाचा आईला म्हणाला, आजी, तुझं ते कार्डावरचं गाणं सांग. तिने सांगितलं. त्याने फोनवर शोधलं आणि गाणं सुरू झालं, जरा मोठ्याने. तो आवाज कमी करायला पुढे झाला तर आई म्हणाली, "थांब, मी फिरवते."

आता एक अडचण. काटा मध्येच अडकतो. कारागीर म्हणाला काटा सरकवणारी आतली दोरी जीर्ण झाली आहे, पण त्याच्याकडे तशी दोरी नव्हती. कुठे मिळेल?

सोल्डर_आणि_रोझिन:
मासे धरायची एकपदरी तंगूस अजिबात वापरू नका, ती ताणते आणि काटा घसरतो. विणलेली बारीक दोरी लागते, माझ्याकडे रीळ आहे. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवतो. आणि जुनी दोरी काढण्याआधी ती कुठल्या चाकावरून किती वेढे गेली आहे त्याचे फोटो काढून ठेवा, भाच्याला सांगा.